पायथन ट्यूटर: फंक्शन डोक्यात शिरेना म्हणून उघडलं, आता रोज लागतं

आधीच सांगतो, मी बीकॉमवाला, कोडिंगचा नि माझा संबंध एक्सेलपुरता. शनिवार-रविवारचा एक पायथनचा क्लास लावला (नाव नको), लूपपर्यंत गाडी बरी चालली, मग फंक्शन (एखाद्या कामाचा नाव दिलेला कोड) आलं आणि सर म्हणाले डेफ लिहा, नाव, कंस, कोलन, खाली चार स्पेस सोडून कोड, झालं फंक्शन, चला पुढे. पुढे कुठे चला, मला हेच कळेना की डेफच्या खालचा कोड चालतो कधी!

मग एका मित्राने पायथन ट्यूटरची लिंक पाठवली. फिलिप गुओ यांनी बनवलेली वेबसाइट आहे, फुकट, लॉगिनची कटकट नाही, कोड पेस्ट करायचा नि नेक्स्ट दाबत राहायचं, एकेक ओळ डोळ्यासमोर चालते. हिरवा बाण म्हणजे आत्ता झालेली ओळ, लाल म्हणजे आता होणारी. मी दुधाच्या बिलाचं फंक्शन टाकलं, लिटर आणि भाव असे दोन पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून द्यायची माहिती). लाल बाण डेफवर आला आणि आतल्या ओळींकडे ढुंकूनही न बघता टुणकन खाली, जिथे कॉल केला होता, म्हणजे नाव घेऊन फंक्शनला कामाला लावलं होतं, तिथे! तेव्हा पेटली, डेफ म्हणजे नुसती नोंद, काम सांगितल्याशिवाय गडी हलत नाही. कॉल झाला की उजवीकडे नवीन चौकोन उघडतो, त्यात लिटर 30, भाव 60, आणि फंक्शन संपलं की चौकोन गायब. आतलं व्हेरिएबल बाहेर का सापडत नाही हे वेगळं कुणी सांगायला लागलं नाही.

खरी मजा रिटर्नची. मी आत प्रिंट लिहिलेलं, 1800 दिसत होतं, पण त्यात पेपरचे 200 मिळवायला गेलो की टाइपएरर (न जुळणारे प्रकार एकत्र केल्याची चूक), तासभर कीबोर्ड बडवला. इथे बघितलं तर चौकोनात खाली रिटर्न व्हॅल्यू (फंक्शनने परत दिलेलं उत्तर): नन, म्हणजे None, काहीच नाही. म्हणजे दुकानदाराने हिशोब तोंडी सांगितला, चिठ्ठी हातात दिलीच नाही. प्रिंट काढून रिटर्न लिहिलं, 2000 आले.

अजून एक, पॅरामीटरला डिफॉल्ट (कॉलमधे काही दिलं नाही तर धरायचं ते) म्हणून रिकामी लिस्ट दिली तर दुसऱ्या कॉलला पहिल्या वेळचं सामान आत तसंच असतं. हे वाचून कधीच पटलं नसतं, पण दुसऱ्या चौकोनातला बाण सरळ त्याच जुन्या लिस्टकडे गेलेला दिसला, कारण ती लिस्ट डेफच्या वेळी एकदाच बनते. डिफॉल्ट नन ठेवायचा आणि लिस्ट आत बनवायची, मिटलं.

आता उणं काय, तर मोठ्या कोडसाठी हे नाहीच. पांडाज (डेटा हाताळायची लायब्ररी) वगैरे चालत नाही, फाईल उघडता येत नाही, 1000 स्टेपनंतर थांबतं. दिसायलाही जुनाट आहे, नि मोबाईलवर कोड एकीकडे चित्र एकीकडे होतं, लॅपटॉपवरच बघा. नुसता सिंटॅक्स (कोड लिहायचे नियम) शिकायचा असेल तर पायथनचं स्वतःचं ट्यूटोरियल आहेच, तेही फुकट.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. क्लासमधे रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच कॉल करणं) अजून आलं नाही पण काल रात्री 5 चा फॅक्टोरियल (5×4×3×2×1) तसा टाकून बघितला, एकाखाली एक पाच चौकोन रचले गेले आणि मग खालून एकेक उत्तर देत निघून गेला, बायको म्हणाली हा काय गेम आहे का, मी म्हटलं बस, तूच दाब नेक्स्ट.