साताऱ्यात जुन्या वह्या, पोथ्या स्कॅन करायच्या असतील तर राजवाड्याजवळचं हे दुकान

झेरॉक्सच्या दुकानावर एवढं काय लिहायचं असं कुणाला वाटेल, पण इतिहासात पीएचडी करणाऱ्या पोरापोरींना विचारा, त्यातही बायकांच्या धार्मिक आयुष्यावर काम करणाऱ्यांना. आमचं निम्मं काम गाईडच्या केबिनमध्ये होतं आणि निम्मं झेरॉक्सवाल्याच्या काउंटरवर.

माझा विषय आहे सातारा-सांगली पट्ट्यातल्या बायकांची भजनं, कीर्तनं, व्रतं आणि मठांमधला त्यांचा वावर. म्हणजे एका टोकाला समर्थ रामदासांच्या शिष्या वेणाबाई आणि अक्काबाई, आणि दुसऱ्या टोकाला आत्ता आपल्या आळीत दर एकादशीला जमणारं महिला भजनी मंडळ. वेणाबाई बालविधवा, मिरजेला त्यांचा मठ आहे, त्यांनी सीतास्वयंवर लिहिलं आणि त्या काळात लोकांसमोर उभं राहून कीर्तन केलं. १६८२ ला समर्थ गेल्यावर सज्जनगडाची व्यवस्था सांभाळणाऱ्यांत अक्काबाई होत्या. दोघींच्या समाध्या गडावर आहेत, लोक हात जोडतात आणि पुढे प्रसादाच्या रांगेकडे जातात, मला दरवेळी वाटतं की जरा थांबा, ह्या बायकांनी काय काय पेललंय ते तरी वाचा.

आता ह्याचे कागद कुठं मिळणार? कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, पुण्याला पेशवे दफ्तर आहे, धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडं, म्हणजे हस्तलिखित वह्या, वाग्देवता मंदिर ह्या संग्रहात आहेत, तिथं जायलाच लागतं, त्याला पर्याय नाही. पण दफ्तरात बाईचं नाव येतं ते बहुतेक वतनाच्या, इनामाच्या नाहीतर तंट्याच्या निमित्तानं. ती रोज काय म्हणायची, सोळा सोमवार का धरले, कीर्तनाला जायला घरचे सोडायचे का, हे सापडतं घरातल्या ट्रंकेत. आज्जीची अभंगांची वही, मंडळाचं वर्गणीचं रजिस्टर, व्रताच्या कहाण्यांची पातळ पुस्तकं, कुणाच्या तरी पणजीनं हातानं उतरवून घेतलेली पोथी. आणि ह्या वस्तू घरचे लोक देतात त्या एका दिवसापुरत्या, "उद्या संध्याकाळी आणून दे हं बाळा, देव्हाऱ्यातली आहे" असं सांगून. त्यामुळं एका दिवसात, कागदाला धक्का न लावता, वाचता येईल असं स्कॅन करून देणारा माणूस सापडणं ही फार मोठी गोष्ट आहे.

मोबाईलच्या ॲपवर मी भागवायचा प्रयत्न केलाय, सुट्या पानाला चालतं, पण शिवलेल्या वहीत मधल्या घडीजवळची अक्षरं वाकडी येतात आणि ओवीचा शेवटचा शब्द नेमका तिथंच असतो. एका दुकानात तर वहीची पानं सुटी करून मशीनच्या वरच्या ट्रेला लावायला निघाले होते, मी हातातून काढून घेतली. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं मॅडम लॅमिनेशन करून टाका, कायमचं टिकेल. कृपा करून कुणीही जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, ते गरम प्लास्टिक चिकटलं की परत निघत नाही, काढायला गेलं तर शाई घेऊन निघतं, आणि सेलोटेप पण लावू नका, थोड्या वर्षांत पिवळी पडून कागदाला डाग सोडते.

हे दुकान राजवाड्याकडून मोती चौकाकडे जाताना एका बोळात आहे, काका आणि काकू दोघं मिळून चालवतात. काका वहीला हात लावायच्या आधी हात धुऊन पुसतात, मी सांगितलेलं नव्हतं. काचेवर एकेक पान ठेवून स्कॅन करतात, वरचं झाकण दाबत नाहीत, काळं कापड टाकतात. पोथीची आडवी लांब पानं एका काचेत मावत नाहीत तर ती दोन भागांत घेतात आणि मधला भाग दोन्हीकडे येईल असं बघतात, म्हणजे जोडताना अक्षर हरवत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंगीत स्कॅन करतात. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये अर्धं उडून जातं, आणि कुंकवाचा डाग, तेलाचा बोटाचा ठसा, कडेला लिहिलेला धोब्याचा हिशोब हे पण माझ्यासाठी पुरावाच आहे, कारण त्यावरून कळतं की वही स्वयंपाकघरात होती का देवघरात, आणि कुठलं पान जास्त उघडलं जायचं.

रेट साधे आहेत. साधी झेरॉक्स दोन रुपये, काचेवरचं रंगीत स्कॅन आठ रुपये पान. महाग वाटेल पण एका पानाला लागणारा वेळ बघितला की नाही वाटत. नवीन पुस्तक अख्खं झेरॉक्स करून मागितलं तर स्पष्ट नाही म्हणतात, हे मला आवडलं.

पण मी खरी परत परत जाते ती काकूंच्या टायपिंगसाठी. साताऱ्यात डीटीपी करणारे पुष्कळ आहेत, पण बरेच जण अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये करतात, आणि त्यातून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता-शोधता येणाऱ्या अक्षरांत, बदलताना ऱ्य, श्र, ज्ञ ह्यांचं काहीतरी भलतंच होतं, कऱ्हाडचं नाव सुद्धा धड राहत नाही. थेसिसची सॉफ्ट कॉपी शोधगंगेवर, म्हणजे पीएचडीच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाणार असते, युनिकोड नसेल तर त्यात शोधून काही सापडत नाही, मग लिहिलेलं असून नसल्यासारखं. काकू पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करतात, आणि अभंगाचे चरण कुठं तोडायचे ते त्यांना सांगावं लागत नाही कारण त्या स्वतः भजनाला बसतात.

मी जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणल्या होत्या, त्या ऐकून टाइप करायला दिल्या. काकूंनी दोन पानं करून फोन केला, म्हणाल्या, "अगं, ही म्हातारी मधे मधे सये म्हणते, गं बाई म्हणते, ते ठेवू का काढू? पुस्तकात तर काढलेलं असतं." मी म्हटलं ठेवा, जसं गायलं तसं ठेवा. मग त्यांनी विचारलं की श्वास घ्यायला थांबते तिथं ओळ तोडू का, कारण दळताना जात्याचा फेरा तिथं पूर्ण होतो. हे मला एकाही सेमिनारमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या परिशिष्टाची सगळी मांडणी त्या एका फोनवर ठरली, आणि आभाराच्या पानावर काकूंचं नाव गाईडच्या लगेच खाली आहे.

एक त्यांच्या हातात नसलेली गोष्ट पण सांगते. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमाप्रमाणे थेसिसचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, पण जनाबाई-बहिणाबाईंचे अभंग सगळीकडे तेच असणार, म्हणून अवतरणं नीट अवतरणचिन्हांत आणि संदर्भासकट टाइप करून घ्या, म्हणजे तपासताना ती वगळता येतात. काकूंना सुरुवातीलाच सांगून ठेवा, त्या लक्षात ठेवतात.

बाइंडिंग काका स्वतः करतात, शिवून, खळीत मोरचूद घालून, त्यामुळं कसर लागत नाही. पाठीवरची सोनेरी अक्षरं मात्र बाहेरून करून आणतात आणि तिथं उशीर होतो, माझ्या मैत्रिणीला सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत वाट बघावी लागली. तिची अवस्था वाईट झाली होती आणि ह्यात त्यांनी सुधारणा करायलाच हवी, सांगितलेला दिवस पाळला पाहिजे. दुसरी तक्रार फाइल देण्याची. विचारलं नाही तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवून देतात, त्यात क्वालिटी पार उतरते, मूळ फाइल पेनड्राइव्हवरच मागा आणि तिथंच उघडून एक-दोन पानं मोठी करून बघा. बसायला एकच स्टूल आहे, लाइट गेली की काम बंद, इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालतो.

पोथी नेताना दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून सुती फडक्यात बांधून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून नको, पावसाळ्यात तर अजिबात नको. सकाळी अकराच्या आत गेलात तर गर्दी नसते, त्याच दिवशी संध्याकाळी परत मिळतं. ॲडमिशनच्या दिवसांत पोरांची दाखल्यांच्या झेरॉक्सची रांग असते, तेव्हा आधी फोन करूनच जा. गुरुवारी बंद.