ऑप्टोमेट्रीच्या ॲडमिशनपायी माझे ८,५०० डॉलर गेले

आधी आकडे लिहिते. ३५० डॉलर 'प्रोफाइल बघण्याचे'. ३,८०० पॅकेजचे. २,७५० 'सीट धरून ठेवायला'. १,६०० 'ट्रान्सक्रिप्टचं', म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेचं, 'काम करून द्यायला'. सप्टेंबर ते जानेवारी, पाच महिन्यांत ८,५०० डॉलर. त्यातला एकही परत आलेला नाही.

आम्ही न्यू जर्सीत २१ वर्षं राहतोय. मी अकाउंट्सचं काम करते. दिवसभर लोकांची बिलं तपासायची, आकडा कुठे चुकलाय ते शोधायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे हे सगळं लिहिताना मान खाली जाते. पण ॲडमिशन मिळवून देतो म्हणून ज्याने हे पैसे घेतले तो माणूस अजून मोकळा फिरतोय, म्हणून लिहितेय.

लेकीला ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्मा देणारी डॉक्टर, व्हायचंय. ज्यांची मुलं या वाटेवर आहेत त्यांना वेगळं सांगायला नको: आधी कॉलेज, मग ऑप्टोमेट्रीची चार वर्षं, आणि मध्ये ओएटी ही प्रवेश परीक्षा. गुण २०० ते ४०० मध्ये, ३०० म्हणजे साधारण मधला विद्यार्थी. माझ्या लेकीला ॲकॅडमिक ॲव्हरेज २८० आणि फिजिक्समध्ये २६० पडले. जीपीए, म्हणजे कॉलेजच्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३.०८, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी मायनस. तिला जिथे जायचं होतं तिथल्या मुलांचे आकडे याच्या बरेच वर होते. ती खोलीतून बाहेर येईना, जेवेना. ऑगस्टमध्ये ह्यांची नोकरी गेली होती. घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. अशा वेळी कोणी 'होईल हो ताई' म्हटलं की माणूस किती विरघळतो, ते त्यातून गेल्याशिवाय कळत नाही.

तो माणूस भेटला आमच्या मंडळाच्या गणपतीत. शाळेच्या कॅफेटेरियात आरती आटोपली होती, मी शिऱ्याचा द्रोण घेऊन उभी होते. "ताई, मुलगी काय करते?" सांगलीकडची भाषा, कपाळाला गुलाल, सोबत बायको. आपल्या माणसावर विश्वास ठेवला यात माझं काय चुकलं, हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारते. अनोळखी गोऱ्या एजंटाला मी ३५ डॉलरसुद्धा दिले नसते.

आता तो क्षण. ३५० भरून झाले होते. पॅकेजची माहिती म्हणून त्याने एक रंगीत पत्रक पाठवलं, त्यावर त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांचे स्कोअर. मी ते छापून डायनिंग टेबलावर ठेवलं. लेक पाणी प्यायला आली, वाकून बघितलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "आई, इथे ओएटी ४१० लिहिलंय. ४०० च्या वर स्कोअरच नसतो."

तिचं बोट अजून दिसतं मला. त्या ओळीवर, नखाला अर्धवट निघालेलं निळं नेलपॉलिश. तिला उत्तर माहीत होतं, कारण ती ती परीक्षा देऊन आली होती. आणि मी काय म्हटलं? "छापताना चुकलं असेल, तू नेहमी वाईटच शोधतेस." वर त्याला फोन केला, तोही तेच म्हणाला, "टायपो हो ताई." त्याच रात्री मी ३,८०० पाठवले. कंपनीत कोणाच्या बिलात असा आकडा दिसला असता तर मी ते बिल परत पाठवलं असतं. घरात लेकीचं ऐकलं नाही.

पॅकेजमध्ये 'खऱ्या परीक्षेतले प्रश्न' मिळणार होते. आला एक पीडीएफ: दुकानात मिळणाऱ्या सराव पुस्तकाची झेरॉक्स, कडेला कोणीतरी पेन्सिलीने केलेल्या खुणा तशाच. मी चिडले. पण ते प्रश्न खरे असते तर आम्ही आणखी मोठ्या संकटात सापडलो असतो, हे नंतर कळलं. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर न फोडण्याचं मुलांकडून मान्य करून घेतात, आणि फोडलेले प्रश्न वापरले तर गुण रद्द होऊ शकतात. 'खरे प्रश्न' देतो म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

नोव्हेंबरात एका कॉलेजच्या लेटरहेडवर 'कंडिशनल ॲक्सेप्टन्स'चं पत्र आलं. सीट धरायला २,७५०, तेही त्याच्या खात्यात. इंटरव्ह्यू झालाच नव्हता! ऑप्टोमेट्रीची कॉलेजं मुलाला भेटल्याशिवाय, निदान व्हिडिओवर बोलल्याशिवाय, घेत नाहीत. आणि डिपॉझिट कॉलेज स्वतः घेतं, ॲडमिशन दिल्यावर. मधल्या माणसाच्या खात्यात कधीच नाही. हे लेकीला माहीत होतं, पण एकदा माझा ओरडा खाल्ल्यावर ती गप्प बसली. तिचा यात काही दोष नाही.

जानेवारीत १,६०० ट्रान्सक्रिप्टसाठी. तो सी मायनस 'दुरुस्त' होईल म्हणाला. ऑप्टॉमकॅसमध्ये, म्हणजे ऑप्टोमेट्री कॉलेजांच्या एकत्रित ऑनलाइन अर्जात, ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडूनच थेट जातं, आणि विषय पुन्हा दिला तरी आधीचा ग्रेड हिशेबात राहतो. मधे कोणाचा हात पोहोचायला जागाच नाही. ओएटीचे गुण तर परीक्षा संपल्या संपल्या सेंटरवरच हातात मिळतात. मग तो नेमकं काय बदलून देणार होता? विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग फोन उचलणं बंद. पत्रावरच्या कॉलेजला मीच फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, हे पत्र आमचं नाही, ईमेल करा. केलं. पुढे काही नाही.

बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, तुमच्या ॲपमधून, तुमच्या पासवर्डने, म्हणजे हा फ्रॉड नाही. मग फ्रॉड कशाला म्हणतात? चोराने माझं बोट धरून बटण दाबलं असतं तर चाललं असतं का? तीन वेळा दावा टाकला, तिन्ही वेळा शब्दन् शब्द सारखं पत्र. पोलिस स्टेशनात ४० मिनिटं बसवलं, मग ऑफिसर म्हणाला, हा दिवाणी मामला आहे, वकील बघा. वकिलाची पहिली भेट ३०० डॉलर. राज्याच्या ग्राहक खात्याचा फॉर्म भरला, त्यात धंद्याचा पत्ता हवा. त्याचा पत्ता म्हणजे एका दुकानातली भाड्याची टपालपेटी. फॉर्म परत आला, 'अपूर्ण' शिक्का मारून. केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार केली, एक नंबर मिळाला, त्यानंतर शुकशुकाट. आणि आपले लोक? मंडळाच्या कमिटीला सांगितलं तर म्हणे, वहिनी, हा तुमचा वैयक्तिक व्यवहार, ग्रुपवर टाकू नका, सणाच्या वेळी वाद नको. ज्या आरतीत तो मला भेटला त्या आरतीची वर्गणी मी दरवर्षी भरते. माझा मेसेज १० मिनिटांत डिलीट केला त्यांनी. बाकी सगळ्यांचं मी समजून घेतलं, हे नाही घेणार.

कॉलेजांचे सरासरी जीपीए आणि ओएटी ऑप्टोमेट्री कॉलेजांच्या संघटनेच्या साइटवर फुकट बघायला मिळतात. मी ३५० डॉलर दिले ते याच तक्त्याचे, हे लेकीने नंतर दाखवलं. पैसे क्रेडिट कार्डाने द्या, निदान भांडायला जागा राहते. 'फक्त ॲपवरून पाठवा' म्हटलं की थांबा. आणि मुलं काही दाखवत असतील तर बघा. कृपा करून बघा.

लेक आता काउंटी कॉलेजात ऑरगॅनिक पुन्हा करतेय, ओएटी उन्हाळ्यात परत देईल. फिजिक्सचा अभ्यास ग्रंथालयातल्या पुस्तकातून, एकटीने.

त्या ऑफिसरला मी मागच्या आठवड्यात परत भेटले. तो म्हणाला, अशीच दुसरी तक्रार आली तर दोन्ही एकत्र बघता येतील. रंगीत पत्रक, ४१० चा स्कोअर, टपालपेटीचा पत्ता, गणपतीत ओळख. यातलं काही तुमच्याही घरी घडलं असेल, तर लाजू नका, तुमच्या पोलिस स्टेशनात जाऊन लिहून द्या. माझा रिपोर्ट नंबर माझ्याकडे आहे, मागाल तेव्हा देईन.