मोबाइलवरील इमोजी : एका केळी उत्पादक घराचा अनुभव

रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे आणि मजूर, व्यापारी, नातेवाईक अशा सगळ्यांशी होणारे आमचे बोलणे आता बहुतांशी व्हॉट्सॲपवरच होते. त्यामुळे इमोजींचे गुणदोष रोजच्या वापरातून कळले, तसेच येथे नोंदवीत आहे.

सर्वांत उपयोगाचे चित्र म्हणजे जोडलेले हात. नमस्कार, आभार, क्षमायाचना, श्रद्धांजली हे सारे त्या एका चित्रात निभावते. सुरतेला राहणाऱ्या आमच्या आत्याचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले; टाइप करणे तिला जड जाते, पण रोज सकाळी ती सूर्य आणि जोडलेले हात पाठवते आणि तेवढ्यावरून तिची खुशाली आम्हांला समजते. जपानमध्ये १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीसाठी अवघ्या १७६ चित्रांचा संच केला होता. त्या कल्पनेचा विस्तार आत्यापर्यंत पोहोचला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

व्यवहारात मात्र अंगठ्यावर विसंबू नये. मागच्या हंगामात वडिलांनी एका व्यापाऱ्याला, "भाव मान्य असेल तर उद्या सकाळी सहाला कापणीला माणसे पाठवा," असे लिहिले आणि त्याने खाली अंगठा उमटवला. आम्ही पहाटेपासून बागेत थांबलो, पण कोणीही आले नाही. विचारल्यावर, "नाना, अंगठा म्हणजे निरोप वाचला," असे उत्तर मिळाले. तयार घड आणखी दोन दिवस झाडावर राहिले. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातल्या न्यायालयाने मात्र २०२३ मध्ये जवसाच्या खरेदीच्या वादात असाच अंगठा करारावरील सहीसारखा मानला आणि माल न देणाऱ्या शेतकऱ्याला ८२ हजार डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला लावली. तेव्हापासून आम्ही होकार, भाव आणि तारीख शब्दांतच लिहून मागतो.

चित्रांच्या संग्रहात आमच्या भागाची उणीवही जाणवते. केळे आहे, पण एकच आणि अर्धे सोललेले, घड नाही. वांगे आहे, तेही जांभळे. ज्याच्या भरितासाठी थंडीत शेतात पंगती बसतात आणि ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते जळगावचे वांगे हिरवट असते. भरीत पार्टीचे बोलावणे पाठवताना त्यामुळे नाइलाजाने जांभळेच वांगे टाकावे लागते.

जुन्या फोनची अडचण वेगळीच आहे. मातीचा दिवा या संग्रहात २०१९ मध्ये आला. दिवाळीला आम्ही तो आत्याला पाठवला, तर तिच्या फोनवर रिकामा चौकोन दिसला आणि काय पाठवले हे विचारण्यासाठी तिने लगेच फोन केला. त्या फोनला आता नवे अपडेट येत नाही, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही ओट्यावरच्या पणत्यांचा फोटोच तिला पाठवतो.