गल्लीचा अर्ज: १८१ हेल्पलाइन आणि मंगळवारची जनसुनवाई

इंदूरच्या रामबागेतील आमच्या गल्लीत पाण्याची नवी लाइन टाकण्यासाठी एका ठेकेदाराने रस्ता खोदला आणि पाइप बसल्यावर वरवर माती लोटून तो निघून गेला. पहिल्याच पावसात ती माती खचली व गल्लीच्या मधोमध घोट्याएवढी चर पडली. ती बुजवून घेण्यासाठी आम्ही मध्य प्रदेश शासनाची १८१ क्रमांकाची सीएम (मुख्यमंत्री) हेल्पलाइन आणि कलेक्टर कार्यालयात लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी दर मंगळवारी होणारी जनसुनवाई हे दोन्ही मार्ग वापरले. दोन्ही ठिकाणी एक पैसाही लागत नाही. मात्र एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही, हे कळायला आम्हांला दीड महिना लागला.

हेल्पलाइन २०१४ पासून सुरू आहे. फोन केल्यावर माहिती विचारून घेतात आणि तक्रारीचा क्रमांक मोबाइलवर येतो. व्यवस्थेत अधिकाऱ्यांचे चार स्तर आहेत. खालच्या स्तरावर ठरलेल्या मुदतीत निकाल लागला नाही किंवा तक्रारदाराचे समाधान झाले नाही, तर प्रकरण वरच्या स्तरावर जाते. ही रचना मला मनापासून आवडली, कारण तक्रार कोणाच्या टेबलावर आहे हे विचारण्यासाठी चकरा माराव्या लागत नाहीत. तिची खरी किल्ली मात्र शेवटच्या फोनमध्ये आहे. काम झाल्याची नोंद पडली की तक्रारदाराला विचारले जाते, ‘आप संतुष्ट हैं?’ आमची तक्रार शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून नोंदवलेली होती. ठेकेदाराच्या माणसांनी सकाळी दोन घमेली मुरूम टाकला होता, आणि दुपारी फोन आला तेव्हा समोरची मुलगी फार गोड बोलत होती म्हणून काकू भिडेपोटी म्हणाल्या, ‘हाँ बेटा, हो जाएगा.’ तक्रार बंद झाली. आठ दिवसांत मुरूम वाहून गेला. यात हेल्पलाइनला दोष देता येणार नाही. पण सबंध गल्लीचे गाऱ्हाणे एका मोबाइलवर आणि एका माणसाच्या होकारावर टांगलेले राहते, ही तिची मर्यादा आहे. दिवा बंद पडणे, कचरागाडी न येणे अशा सुट्या कामांना ती उत्तम, आणि त्यांच्यासाठी नगर निगमचे, म्हणजे महापालिकेचे, ‘इंदौर ३११’ ॲपही आहे.

मग आम्ही कागदाकडे, म्हणजे जनसुनवाईच्या अर्जाकडे वळलो. अर्ज कोणत्या भाषेत लिहावा, यावरच एक संध्याकाळ गेली. होळकरांच्या दरबाराचे कागद मराठीत, मोडी लिपीत लिहिले जात, तेव्हा इंदुरात मराठी अर्जाला लाजायचे कारण काय, असा एका काकांचा मुद्दा होता. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हेही त्यांनी काढून दाखवले. हक्क मान्य करून आम्ही हिंदीत लिहिले, कारण वाचणाऱ्याला अर्ज एका दमात कळायला हवा होता. तरीही मसुद्यात मराठी डोकावलीच. ‘हमारी तकरार है’ असे पहिलेच वाक्य होते, आणि हिंदीत तकरार म्हणजे भांडण. शाळेत जाणाऱ्या नातवाने तिथे ‘शिकायत’ लिहिले म्हणून निभावले.

सह्यांच्या बाबतीत एक चूक आम्ही वेळीच सुधारली. घरोघरी फिरवलेल्या कोऱ्या पानांवर नुसत्या सह्या होत्या. त्या कशासाठी केल्या हे पानावर कुठेच नव्हते. नंतर प्रत्येक पानाच्या माथ्यावर विषय लिहून नाव, घर क्रमांक आणि सही असे रकाने आखले व सह्या पुन्हा घेतल्या. मागणीही एकच ठेवली: चर बुजवून त्यावर पूर्ववत रस्ता करावा. नालीचा आणि मोकाट कुत्र्यांचा विषय त्यात घुसवावा असा दोघांचा आग्रह होता, तो मोडून काढावा लागला, कारण तीन विषयांचा अर्ज तीन खात्यांत फिरतो.

मोती तबेल्याजवळच्या कलेक्टर कार्यालयात मंगळवारी अकराच्या आधी पोहोचणे बरे. तिथे जमिनीच्या वादांपासून उपचारांच्या मदतीपर्यंत सगळी गाऱ्हाणी एकाच रांगेत असतात, त्यामुळे आपल्या वाट्याला बोलायला जेमतेम एक मिनिट येते. चौघे गेलो होतो, बोलले मात्र एकच काका. फोटो अर्जालाच जोडलेले होते. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मागून घेतली. तीच प्रत आम्ही आमच्या पार्षदांनाही (नगरसेवकांनाही) दिली, कारण ८५ प्रभागांच्या या शहरात आपला प्रभाग आपण स्वतः लक्षात आणून दिलेला बरा. सोबत १८१ वर नवी तक्रार नोंदवून त्यात पोचेची तारीख सांगितली. या वेळी मोबाइल माझा होता.

अठराव्या दिवशी चरीत खडी दाबून वर काँक्रीट पडले. समाधानाचा फोन आला तेव्हा मी, काँक्रीटवर पाणी मारणे सुरू आहे, चार दिवसांनी विचारा, असे सांगितले. चौथ्या दिवशी खरोखरच पुन्हा फोन आला. पाचपैकी हेल्पलाइनला मी साडेतीन तारे देईन आणि जनसुनवाईला चार. तिथला एक तारा सकाळचे तीन तास उभे राहावे लागते म्हणून कापला आहे. ज्येष्ठांनी पाण्याची बाटली आणि कोणीतरी तरुण सोबत न्यावा. नालीचा अर्ज आता वेगळा तयार आहे, त्यावर सात घरांच्या सह्या यायच्या आहेत.