प्यूजो २०५ जीटीआय १.९ की ३०९ जीटीआय? आठ महिने दोन्ही वापरल्यावर

इंजिन एकच: १९०५ सीसी, १३० हॉर्सपॉवर, बॉशचं एल-जेट्रॉनिक इंजेक्शन (इंजिनात पेट्रोल सोडणारी यंत्रणा). दरवाजेसुद्धा एकाच साच्यातले. तरी प्यूजोच्या या दोन गाड्यांचा स्वभाव वेगळा आहे, आणि रोजच्या वापराला मी ३०९ निवडेन.

३०९चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४७० मिमी, २०५चा २४२०. शिवाय ३०९चे पुढचे विशबोन (चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे आर्म) लांब, म्हणून चाकं जास्त फाकलेली. ओल्या रस्त्यावर वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की २०५चा मागचा भाग झटकन बाहेर येतो. ३०९ त्याच चुकीला बरीच माफी देते. २०५ सुधारणारे हौशी लोक ३०९ जीटीआयचेच विशबोन आणि ड्राइव्हशाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारे दांडे) शोधतात, यातच काय ते आलं. पण २०५ हलकी आहे; मोकळ्या, वळणावळणाच्या रस्त्यावर तिची मजा ३०९ला नाही. (आपल्याकडे ३०९ म्हटलं की कल्याणची, प्रीमिअरने बनवलेली आठवते. तिचं इंजिन लहान, प्यूजोच्या टीयू मालिकेतलं. तिच्यावरून जीटीआयचा अंदाज बांधू नका.)

दोघींचं दुखणं एकच, मागचा अ‍ॅक्सल. ट्रेलिंग आर्मची (मागचं चाक धरणाऱ्या आर्मची) सील कडक झाली की पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं, नीडल बेअरिंग गंजतात आणि आर्म ज्यावर फिरतो तो शाफ्ट खायला लागतात. गाडी सपाट जागेवर लावून मागून बघा: चाकं वरच्या बाजूला आत झुकलेली दिसली तर काम वाढलंय. मग जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा. फक्त बेअरिंगचा आवाज असेल तर बेअरिंग आणि सील बदलून भागतं. शाफ्टला खड्डे पडले असतील तर तोही नवा. टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे दांडे) स्प्लाइनमध्ये, म्हणजे टोकाच्या खाचांमध्ये, जाम झालेले असतात, आणि बसवताना गाडीची उंची पुन्हा जुळवावी लागते. घाईचं काम नाही.

आयडलिंगला आरपीएम वरखाली होत असतील तर लगेच इंजेक्शनला दोष देऊ नका. हवा मोजणारा फ्लॅप आणि इंजिन यांच्यामध्ये कुठूनही चोरटी हवा शिरली की मिश्रण पातळ होतं. आधी ब्रीदरचे (इंजिनातली वाफ बाहेर नेणारे) पाइप बघा, मग ऑइलचं झाकण आणि डिपस्टिकचं सील.

कूलंट बदलल्यावर आत अडकलेली हवा नीट काढा: हीटर पूर्ण गरम, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचे स्क्रू) उघडे, आणि भरायच्या तोंडावर तळ कापलेली बाटली उलटी बसवून पातळी उंच ठेवायची. बुडबुडे थांबले की स्क्रू बंद. सिलिंडर हेड उतरवलं असेल तर लाइनर (पिस्टन ज्यात फिरतो त्या सुट्या नळ्या) क्लॅम्पने दाबल्याशिवाय क्रँक फिरवू नका. लाइनर उचलला गेला की खालचं सील गेलं, आणि कूलंट ऑइलमध्ये.

३०९ घेताना बंपर, मागची काच आणि दिवे शाबूत असलेलीच घ्या. इंजिनाचं सामान २०५मुळे मिळत राहतं. बॉडीचं शोधत बसावं लागतं.