जुना फ्लॅट विकताना : २० टक्के इंडेक्सेशनसह की १२.५ टक्के सरळ?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत जुना फ्लॅट विकायला काढला की एजंटपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे सांगतात, "आता टॅक्स साडेबारा टक्केच आहे, वीस नाही." हे अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात अनेकांचे चार-पाच लाख अडकलेले असतात.

घर किंवा जमीन २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली असेल, २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल आणि तुम्ही निवासी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असाल, तर कर दोन पद्धतींनी मोजता येतो. सरळ पद्धतीत विक्री किमतीतून मूळ खर्च वजा करायचा आणि नफ्यावर १२.५ टक्के भरायचे. इंडेक्सेशनच्या पद्धतीत मूळ खर्च आधी महागाई निर्देशांकाने वाढवायचा, मग वजाबाकी करायची आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्के. जो आकडा कमी येईल तेवढाच कर. त्या तारखेला किंवा नंतर घेतलेल्या घराला फक्त सरळ पद्धत लागू होते, आणि अनिवासी भारतीयांनाही तीच.

दराकडे बघून यातलं काहीच ठरत नाही. किंमत किती पट झाली, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे आयकराचे टप्पे महागाईनुसार आपोआप सरकत नाहीत, ते बजेटमध्ये बदलले तरच बदलतात. घराच्या खर्चासाठी मात्र केंद्र सरकार दरवर्षी निर्देशांक जाहीर करतं. २००१-०२ साठी तो १०० होता, २०२४-२५ साठी ३६३ आणि २०२५-२६ साठी ३७६. शहरी ग्राहक किंमत निर्देशांकाच्या सरासरी वाढीचा ७५ टक्के भाग धरून तो ठरतो, म्हणजे पूर्ण महागाई यातही मिळत नाही. तरी घोडबंदर रोडवर गेल्या दहा-बारा वर्षांत घेतलेल्या आणि किंमत फारशी न वाढलेल्या फ्लॅटला हाच निर्देशांक तारतो.

कोणती पद्धत स्वस्त, हे एका ओळीत काढता येतं. विक्रीच्या वर्षाच्या निर्देशांकाला खरेदीच्या वर्षाच्या निर्देशांकाने भागा. आलेल्या आकड्याला ८ ने गुणा, त्यातून ५ वजा करा आणि ३ ने भागा. ही तुमची सीमा. विक्री किंमत मूळ खर्चाच्या तितक्या पटीपेक्षा कमी असेल तर २० टक्के फायद्याचे, जास्त असेल तर १२.५ टक्के. २०२५-२६ मधल्या विक्रीसाठी हे आकडे असे येतात ('शून्य' म्हणजे त्या पटीपर्यंत इंडेक्सेशननंतर नफाच उरत नाही):

२००१-०२ ची खरेदी (निर्देशांक १००) : ३.७६ पटीपर्यंत कर शून्य, सीमा ८.३६ पट
२००५-०६ (११७) : ३.२१ पटीपर्यंत शून्य, सीमा ६.९०
२०१०-११ (१६७) : २.२५ पटीपर्यंत शून्य, सीमा ४.३४
२०१४-१५ (२४०) : १.५७ पटीपर्यंत शून्य, सीमा २.५१
२०१७-१८ (२७२) : १.३८ पटीपर्यंत शून्य, सीमा २.०२
२०२०-२१ (३०१) : १.२५ पटीपर्यंत शून्य, सीमा १.६६

आता दोन फ्लॅट शेजारी ठेवून बघू. उपकर आणि अधिभार तूर्त बाजूला.

घोडबंदर रोडचा फ्लॅट २०१४-१५ मध्ये मुद्रांक शुल्कासह ७५ लाखांना पडला आणि २०२५-२६ मध्ये १ कोटी १० लाखांना गेला. सरळ पद्धतीत नफा ३५ लाख, कर ४,३७,५००. इंडेक्सेशनने खर्च होतो १ कोटी १७ लाख ५० हजार, म्हणजे विक्री किमतीपेक्षाही जास्त. कर शून्य.

नेरूळचा फ्लॅट २००३-०४ मध्ये सगळं धरून ९ लाखांना घेतला आणि १ कोटी ५ लाखांना विकला. किंमत जवळपास पावणेबारा पट झाली, सीमा मात्र ७.५३. इंडेक्सेशनने खर्च ३१,०४,५८७ आणि कर १४,७९,०८३ रुपये. सरळ पद्धतीत ९६ लाखांवर १२ लाख. इथे एजंटचं म्हणणं बरोबर ठरतं.

नवी मुंबईच्या नोडमधली (नियोजित वसाहतींमधली) जुनी घरं बहुतेक वेळा नेरूळच्या बाजूला पडतात आणि २०१० नंतरची टॉवरमधली घरं घोडबंदरच्या बाजूला. पण अंदाजावर विसंबू नका, गुणाकार करायला दोन मिनिटं लागतात.

गणित चुकतं ते बहुतेक वेळा 'मूळ खर्च' या रकान्यात. करारातल्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळवायची असते, ती राहून जाते. घराच्या बांधकामात भर घालणारी मोठी कामंही खर्चात येतात, पण ज्या वर्षी काम झालं त्या वर्षाच्या निर्देशांकाने, खरेदीच्या वर्षाच्या नव्हे. बिलं आणि बँकेतून दिल्याचा पुरावा हवा. गृहकर्जाच्या ज्या व्याजाची वजावट कलम २४ खाली घेतली, ते पुन्हा खर्चात धरता येत नाही. विक्रीसाठी दिलेली दलाली, वकिलाची फी, आणि सिडकोचं हस्तांतरण शुल्क विक्रेत्याने भरलं असेल तर तेही, विक्री किमतीतून वजा होतं. या खर्चाला निर्देशांक लागत नाही.

घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल, वाशीतली सुरुवातीची घरं किंवा नौपाड्यातल्या जुन्या इमारती, तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत खर्च म्हणून धरता येते. ती तेव्हाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं त्या किमतीपेक्षा, जास्त चालत नाही. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या, आणि ही किंमत दोन्ही पद्धतींत वापरा. १२.५ टक्क्यांच्या पद्धतीत ती धरायची नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. वारशाने मिळालेल्या घराला आई-वडिलांचा खर्च लागू होतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानुसार निर्देशांकही त्यांनी घर घेतलं त्या वर्षाचा.

विक्रीच्या बाजूला रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक मूल्य ठरवणारे सरकारी दर, आहेत. करारातली किंमत मुद्रांक मूल्यापेक्षा कमी असेल आणि मुद्रांक मूल्य करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा वर गेलं, तर कर मुद्रांक मूल्यावर मोजला जातो. एप्रिल २०२५ मध्ये ठाण्याचे दर सरासरी ७.७२ टक्के आणि नवी मुंबईचे ६.७५ टक्के वाढले, निर्देशांक मात्र ३६३ वरून ३७६, म्हणजे ३.५८ टक्केच. वरची पट काढताना जी किंमत कराला धरली जाणार तीच घ्या.

घोडबंदरच्या उदाहरणातले लोक सगळ्यात मोठी चूक करतात ती यानंतर. कर शून्य असताना "कॅपिटल गेन (विक्रीचा नफा) वाचवायला" ३५ लाख कलम ५४ईसी च्या करबचत बाँडमध्ये पाच वर्षं अडकवतात. वाचवायला काही नसताना पैसे कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. नेरूळच्या विक्रेत्याला मात्र विचार करावाच लागेल. बाँडसाठी सहा महिन्यांची मुदत आणि ५० लाखांची मर्यादा आहे. कलम ५४ खाली नवं घर विक्रीच्या एक वर्ष आधी ते दोन वर्षं नंतर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तरी चालतं. रिटर्नच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम कॅपिटल गेन खात्यात ठेवायला हवी.

शून्य कराच्याही दोन मर्यादा आहेत. इंडेक्सेशनने दिसणारा तोटा, घोडबंदरच्या उदाहरणात साडेसात लाख, कुठेही वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षी नेता येत नाही. दुसरी मर्यादा पगारदारांना झोंबते. कर शून्य असला तरी एकूण उत्पन्नात ३५ लाखांचा सरळ नफाच धरला जातो. नव्या करप्रणालीत करपात्र पगार १० लाख असेल तर एरवी १२ लाखांपर्यंतच्या रिबेटमुळे (करातल्या सवलतीमुळे) कर लागत नाही. त्या वर्षी उत्पन्न ४५ लाख दिसतं, रिबेट जातो आणि पगारावर ४०,००० रुपये अधिक उपकर भरावा लागतो. उलट, दुसरं उत्पन्न नसलेल्या निवृत्त व्यक्तीला नव्या प्रणालीतली ४ लाखांची करमुक्त मर्यादा या नफ्यातून वजा करता येते. सरळ पद्धतीत त्याने ५०,००० वाचतात.

घर दोघांच्या नावावर असेल तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा मोजा. एक भाऊ ठाण्यात आणि दुसरा अमेरिकेत असेल, तर ठाण्यातल्याला दोन्ही पद्धती खुल्या, अनिवासी भावाला फक्त १२.५ टक्के. त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराने १ टक्का नव्हे, अनिवासींच्या दराने टीडीएस कापायचा असतो. हे करार करण्याआधीच खरेदीदाराला सांगा.

निवासी विक्रेत्याच्या बाबतीत किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार पूर्ण किमतीवर १ टक्का कापतो. १ कोटी १० लाखांवर १ लाख १० हजार. कर शून्य असला तरी ही कपात होते, आणि रिटर्न भरूनच तो परतावा मिळतो. २६एएस मध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या कराच्या विवरणात) रक्कम दिसते का ते बघून मग आयटीआर-२ भरा. त्यातल्या शेड्यूल सीजीमध्ये (कॅपिटल गेनच्या तक्त्यात) इंडेक्सेशनशिवायचा खर्च आणि इंडेक्सेशनसह खर्च, दोन्ही रकाने भरावे लागतात. दुसरा रिकामा ठेवला तर सवलत हातची जाईल.

कलमांचे हे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या विक्रीला २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि क्रमांक बदलतात. निर्देशांकही त्या वर्षाचा घ्यायचा.

सौदा मार्चमध्ये ठरत असेल आणि तुमची पट 'शून्य' आणि 'सीमा' यांच्या मधोमध असेल, तर हस्तांतरण एप्रिलमध्ये करणं फायद्याचं ठरू शकतं. २०१४-१५ चा ७५ लाखांचा खर्च ३६३ वरून ३७६ वर गेला तेव्हा ४,०६,२५० रुपयांनी वाढला, म्हणजे २० टक्क्यांनी ८१,२५० रुपयांचा कर कमी. तुम्ही १२.५ टक्क्यांच्या बाजूला असाल तर निर्देशांकासाठी थांबून काही मिळणार नाही, आणि एप्रिलमध्ये रेडी रेकनर वाढला तर उलट फटकाही बसू शकतो.