हेडसेट घरी बसवावा की दुकानात? हातोडा, रॉड आणि प्रेस यांची तुलना

पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्याने बऱ्याच फेऱ्या झालेल्या सायकलीचे हँडल एक दिवस मधोमध खाचेत अडकल्यासारखे वाटू लागते, तेव्हा हेडसेटचे, म्हणजे हँडल आणि पुढचे चाक धरणारा चिमटा ज्यावर वळतात त्या बेअरिंगच्या सांध्याचे, खालचे बेअरिंग बहुधा संपलेले असते. पुढच्या चाकाने उडवलेले पाणी व माती थेट तिथे पोहोचते आणि रस्त्याचा प्रत्येक दणकाही तिथेच बसतो, त्यामुळे वरच्या बेअरिंगपेक्षा खालचे आधी खराब होते. नवा संच आणल्यानंतर तो हातोड्याने ठोकून बसवायचा, आटे असलेल्या रॉडने दाबून बसवायचा, की दुकानातल्या प्रेसवर सोपवायचा, हा प्रश्न नाशिकमधील अनेक सायकलस्वारांना पडतो. घरातल्या साध्या अवजारांवर हे काम करून पाहिलेल्याच्या नात्याने या तीन मार्गांची तुलना येथे करीत आहे.

निवड करण्यापूर्वी आपल्या सायकलीत कोणता हेडसेट आहे ते पाहावे, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. इंटिग्रेटेड प्रकारात बेअरिंग धरणाऱ्या वेगळ्या वाट्या नसतातच. बेअरिंगची बैठक फ्रेममध्येच घडवलेली असते आणि बेअरिंग बोटांनी आत बसते. त्याच्या कडेवर ३६ × ४५ किंवा ४५ × ४५ असे कोन छापलेले असतात. तेच कोन आणि तोच व्यास पाहून नवे आणावे, ग्रीस लावावे आणि घरीच बसवावे. या कामासाठी दुकानात जाण्याची गरज नाही. जुन्या पद्धतीच्या, एक इंची आट्यांच्या पोलादी सायकलींमध्येही वाट्या जाग्यावर ठीक असतील, तर जुने ग्रीस पुसून छर्रे बदलणे हे संध्याकाळभराचे काम आहे. त्यासाठी फक्त बारीक जाडीचा, बहुधा ३२ मिमीचा, पाना लागतो. छर्रे मोजून काढावेत आणि तितकेच परत घालावेत.

खरा प्रश्न उरतो तो दाबून बसवायच्या वाट्यांचा. ३४ किंवा ४४ मिमी व्यासाच्या हेड ट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत, बसणारी वाटी त्या भोकापेक्षा जाणूनबुजून किंचित मोठी, मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याच्या आसपास मोठी, बनवलेली असते आणि त्या ताणावरच ती धरून राहते. म्हणून ती सरळ रेषेत आत जाणे हेच सगळ्यात महत्त्वाचे असते.

हातोडा आणि लाकडी ठोकळा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. जाड पोलादी फ्रेमवर तो बऱ्याचदा निभावतो, कारण पोलाद थोडी चूक सहन करते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर मात्र मी तो सुचवणार नाही. माझ्या एका सायकलीची खालची वाटी मी याच पद्धतीने बसवत होतो. दोन घाव सरळ पडले, तिसरा कडेला पडला आणि वाटी एका बाजूने टेकून दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखी फट राहिली. ती तशीच पुढे ठोकली असती, तर हेड ट्यूबचे तोंड लंबगोल झाले असते, आणि एकदा लंबगोल झालेले तोंड पुन्हा गोल करता येत नाही. वाटी बाहेर काढून मी काम थांबवले आणि दुसऱ्या दिवशी रॉड आणला.

१२ मिमी जाडीचा आट्यांचा रॉड, दोन नट आणि मोठे जाड वॉशर एवढ्यात घरगुती प्रेस तयार होतो. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत हे सामान सहज मिळते आणि ३० सेंमी लांबीचा तुकडा बहुतेक फ्रेमना पुरतो. रॉड हेड ट्यूबमधून आरपार घालावा, दोन्ही टोकांना वॉशर व नट लावावेत आणि एक नट पान्याने धरून दुसरा फिरवावा. दोन्ही वाट्या एकदम दाबण्याचा मोह होतो, परंतु एका वेळी एकच वाटी बसवावी, म्हणजे कोणती तिरकी जाते आहे ते लगेच दिसते. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर थांबून, वाटीच्या कडेभोवती फट सगळीकडे सारखी आहे का, हे मागे टॉर्च धरून पाहावे. वॉशर वाटीच्या कडेवर टेकला पाहिजे. आतल्या बेअरिंगवर दाब आला तर नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी निकामी होते, म्हणून कार्ट्रिज (एकसंध, बंद) बेअरिंग आधी काढून ठेवावे. वाटी पूर्ण बसली की पाना एकदम जड होतो. तिथेच थांबावे.

दुकानातल्या प्रेसचे वॉशर पायऱ्यांचे आणि मध्यावर नेमके बसणारे असतात, त्यामुळे तिथे वाटी तिरकी जाण्याची शक्यता आणखी कमी होते. मात्र केवळ एवढ्यासाठी मी पैसे देणार नाही. दुकान गाठावे ते कार्बन फ्रेम असेल तर, किंवा हेड ट्यूबच्या तोंडावर रंगाचा जाड थर, गंज अथवा वाकडेपणा असल्याने ते आतून व वरून तासून घेणे गरजेचे असेल तर. तासण्याची ती अवजारे घरी ठेवण्यासारखी नाहीत.

चिमट्याच्या नळीच्या मुळाशी बसणाऱ्या आणि खालचे बेअरिंग जिच्यावर टेकते त्या तळकडीच्या बाबतीत हातोड्याला मी आक्षेप घेणार नाही. कडी चिरलेली असेल तर ती हातानेच बसते. अखंड असेल तर जुनी कडी उलटी करून नव्या कडीवर ठेवावी आणि वरून चिमट्याच्या नळीच्या २८.६ मिमी व्यासापेक्षा थोड्या मोठ्या आतल्या व्यासाच्या पाईपने हलके ठोकावे. एक इंची नळीच्या चिमट्यावर कडीची बैठक २६.४ किंवा २७.० मिमी असू शकते, त्यामुळे आधी व्हर्निअरने मोजावे. कारखान्यांत काम करणारे इतके लोक असलेल्या या शहरात व्हर्निअर शेजारी मागूनही मिळेल. चिमट्याच्या नळीच्या आतला, वरच्या टोपीचा बोल्ट धरणारा तारा-नट सुमारे १५ मिमी खोल ठोकण्याचे कामही हातोड्याने करता येते. मात्र नळी कार्बनची असेल तर तारा-नट वापरू नये. तिथे फुगणारा प्लग लागतो.

सगळे बसवल्यानंतर वरच्या टोपीचा बोल्ट फक्त खेळ जाईल एवढाच आवळावा. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा जोड, बाजूच्या बोल्टनी चिमट्याच्या नळीला धरलेला असतो आणि ते बोल्ट नंतर, बहुतेक स्टेमना ५ ते ६ न्यूटन-मीटर, आवळायचे असतात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी आणि दुसऱ्या हाताची बोटे खालच्या वाटीच्या सांध्यावर ठेवावीत. तिथे टकटक जाणवली तर स्टेमचे बोल्ट सैल करून टोपी थोडी आणखी आवळावी. दाबून बसवलेल्या वाट्या पहिल्या फेरीत अंमळ स्थिरावतात, म्हणून त्र्यंबकेश्वरला जाऊन आल्यावर हीच तपासणी पुन्हा एकदा करावी.